३०० वड्या, नारिंगी ठिपके आणि लिंबूसत

मागच्या वेळी माझ्या साबणाच्या पहिल्या होलसेल ऑर्डरचे पेढे वाटले होते, ते परत मागायची वेळ आली होती. मे महिन्यात, वड्या मुरत ठेवल्याच्या पाचव्या आठवड्यात, वेष्टनं घालायला वड्या मांडणीवरून उतरवल्या तर ३०० पैकी ११० वर डीओएस, म्हणजे साबणातलं तेल खवट झाल्याचे डाग. हळदीचं बोट लागावं तसे नारिंगी ठिपके, आणि वास थेट महिनाभर उघड्या राहिलेल्या शेवेचा. बाकीच्या कोऱ्या होत्या, पण त्याच घाण्यातल्या. वेरूळ रस्त्यावरच्या दुकानदाराला खरं ते सांगून टाकलं. "ताई, दसऱ्यापर्यंत थांबतो, पण गिऱ्हाईक परत घेऊन आलं असं होऊ देऊ नका." वडीमागे ३८ रुपये खर्च, म्हणजे ११,४०० रुपये पाण्यात.

संशय अर्थातच करडईवर. रेसिपी तीच जुनी: खोबरेल ३०, पाम ३०, लाकडी घाण्याची करडई ३५, एरंडेल ५ टक्के, सुपरफॅट (साबण न होता मोकळं राहणारं तेल) ८. नेहमीच्या करडईत लिनोलेइक (लवकर खवटणारं फॅटी ॲसिड) ७० टक्क्यांच्या पुढे, त्यामुळे ती खवट व्हायला टपलेलीच. सासूबाईंना हे पटेना. "आयुष्यभर भाकरीवर चटणी न् करडईचं तेल खाल्लं, कधी ठिपका पडला नाही!" त्यांचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता: दिवाळीच्या वड्याही याच तेलाच्या होत्या, मग त्या कशा टिकल्या? त्या थंडीत क्युअर झाल्या (मुरून वाळल्या) आणि दोन महिन्यांत वापरून संपल्या. या वेळच्या वड्या पत्र्याच्या खोलीत ४२ अंशांत पडून होत्या.

तरी नुसती करडई दोषी धरवेना. म्हणून एकेक किलो तेलाचे चार लोफ (वड्या कापायच्या लांबट लाद्या) टाकले. दोन बोअरच्या पाण्यात, दोन बॅटरीवाल्याकडच्या डिस्टिल्डमध्ये; दोन्हींत एक करडईचा, एक करडईऐवजी ऑलिव्ह पोमेसचा, म्हणजे ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेल्या तेलाचा (भाव विचारू नका). तेलागणिक सॅप (किती कॉस्टिक सोडा लागतो तो आकडा) बदलते म्हणून लाय (कॉस्टिकचं पाणी) प्रत्येकाची वेगळी काढली. सुपरफॅट सगळ्यांना ५. प्रत्येकी १२ वड्या, सहा आठवडे.

बोअर-करडई: बाराच्या बारा गेल्या. बोअर-पोमेस: दोन. डिस्टिल्ड-पोमेस: स्वच्छ. इथवर ठीक. पण डिस्टिल्ड-करडईनं डोकं खाल्लं. वरून कोरी करकरीत, उलटी केली की तळाशी ठिपके, तेही दोन-दोन बोटांच्या अंतरावर सरळ रेषेत! रेषेत कसले ठिपके पडतात? दोन दिवस साच्याला, मग बटर पेपरला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी वडी परत मांडणीवर ठेवताना दिसलं: जाळीच्या तारा नेमक्या तेवढ्याच अंतरावर. मोडीतून आणलेली लोखंडी जाळी, रंग उडालेला. पोमेसची वडी त्याच जाळीवर असून वाचली, करडईला खवटायला तेवढं लोह पुरलं.

बोअरच्या पाण्यातही तेच. बादलीला तांबूस कडं धरतं ते रोज घासतेय, पण लाय त्याच पाण्यात कालवत होते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी कळशीनं मोजणारी मी लातूरकर, पाण्याचा हिशेब करते, पाणी बघत नाही!

तर आता: मांडणीवर आंब्याचे प्लास्टिक क्रेट, त्यावर बटर पेपर. डिस्टिल्डमध्ये ५० टक्के लाय एकदाच करून ठेवायची, दर घाण्याला कोरडं कॉस्टिक वजन करून विरघळवत बसायला नको. कॉस्टिकचा दुकानदारही बदलला. आधीचा पोतं उघडं ठेवायचा, पावसाळ्यात फ्लेक्सचे गोळे मिळायचे. आणि होलसेलमधून करडई बाद.

काल हे लिहिता लिहिता विचार फिरला. बाद कशाला, ३५ ची १० करू. आणि सोडियम सायट्रेट घालू, ते लोह बांधून ठेवतं. वेगळं मागवायचीही गरज नाही, किराण्यातलं लिंबूसत लायमध्ये घातलं की तिथंच सायट्रेट होतं. किलोभर तेलाला १० ग्रॅम लिंबूसत, आणि ते साधारण ६ ग्रॅम कॉस्टिक खातं, तेवढं वाढवून घ्यायचं. नाहीतर सुपरफॅट गुपचूप वर जाईल. वर आमच्याकडच्या जड पाण्यात साबणाचा साका कमी धरतो, फेस सुधारतो. हे आधी का सुचलं नाही!

एक गोष्ट मात्र साधली. ११८ ग्रॅमला कापलेली वडी सहा आठवड्यांत १०१ वर येऊन थांबली. लेबलवर निव्वळ १०० छापायचं धाडस आता होईल. साबण बनवून विकायच्या परवान्याचा अर्ज भरलाय (कॉस्मेटिक्स रूल्स २०२०, फॉर्म सीओएस-५). त्यात लागणारा तांत्रिक माणूस बारावीला केमिस्ट्री असलेलाही चालतो, तेव्हा ती मीच. परवाना हातात पडल्याशिवाय माल हलवायचा नाही, हे दुकानदाराशी आधीच ठरलंय.

ठिपक्यांच्या वड्यांवर सासूबाई गोधड्या धुताहेत. लिंबूसत आणि १० टक्के करडईचा लोफ काल रात्री टाकला, ट्रेस (मिश्रण दाट व्हायला लागतं तो टप्पा) जरा लवकर आला. खवटपणा लांबवायला रोझमेरी एक्स्ट्रॅक्ट कुणी आपल्याकडच्या उन्हाळ्यात वापरून पाहिलंय का? मला ५० ग्रॅमचा जो भाव सांगितला तो ऐकून मी फोनच ठेवला.