पाच ताऱ्यांची भूक

आज दुपारी पोटात कावळे ओरडत होते आणि मी रस्त्याकडेला उभी राहून ४० मिनिटं मोबाइलवर हॉटेलांच्या रेटिंगचे तारे मोजत होते. शेवटी ४.८ वालं हॉटेल गाठलं. आत गेल्यावर पाहिलं, ते ४.८ फक्त ११ जणांनी दिलेले! (निम्मे मालकाचे पाहुणे असावेत, असा माझा दाट संशय.) मेनूकार्ड म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. एवढे पदार्थ रोज ताजे करणार कोण? वर गाणी इतक्या मोठ्याने की चवही लागेना. हे माझं रडगाणं नाही हं, गोंगाटात गोड-खारट खरंच कमी जाणवतं.

संध्याकाळी ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्या काकांना विचारलं, "काका, तुम्ही कुठे जेवता?" 'चांगलं कुठे मिळतं' असं विचारलं की लोक पाहुण्यांना दाखवायची जागा सांगतात, म्हणून हा प्रश्न. त्यांनी मागच्या गल्लीतलं, पाटीही धड नसलेलं ठिकाण सांगितलं. फळ्यावर सहा पदार्थ, त्यातले दोन संपलेले. टेबलं भराभर भरत होती, रिकामी होत होती. शेजारच्या ताटात दिसलं तेच मागवलं आणि पुन्हा मागवलं.

त्या पदार्थाचं नाव विचारायचं मात्र राहिलंच. उद्या परत बोट दाखवूनच सांगावं लागणार.