काउंटरवर दुसरा रकाना भरायला लावा

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला निघालेल्यांना आधी कामाचं सांगते. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) असला तरी चालतो. मेक्सिकोतून निघेपर्यंत तो संपता कामा नये, एवढंच. नियम मेक्सिको सरकारचाच आहे, कुणीही वाचावा. पण मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर तो सिद्ध करताना माझं डोकं फिरायची वेळ आली.

मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या मेरिदा शहरात ख्रिस्ती मंडळ्यांच्या मिशनकामातल्या पुढाऱ्यांचं प्रशिक्षण होतं, शेवटी चिचेन इत्सा या माया लोकांच्या प्राचीन शहराची भेट. मिरजेहून पाळकसाहेब आणि महिला मंडळातर्फे मी. लेकीच्या बाळंतपणाला ह्यूस्टनला गेले होते, त्या वेळचा माझा व्हिसा होता. पाळकसाहेबांचा एका परिषदेच्या निमित्ताने झालेला. पंचांची मंजुरी, तिकिटं, सुट्टी, सगळं बिनबोभाट झालं. महालक्ष्मीने मुंबई गाठली आणि वेळेच्या कितीतरी आधी आम्ही रांगेत उभे होतो.

काउंटरवर विशीतला मुलगा. पासपोर्ट चाळला, परत चाळला. "मॅडम, मेक्सिको का वीजा?"

मी अमेरिकेच्या व्हिसाचं पान उघडून त्यावर बोट ठेवलं.

"ये तो यूएस का है."

"हो बाळा, त्याच्यावरच जातात."

त्याने काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे न वळवताच सांगितलं, "वीजा रिक्वायर्ड दिखा रहा है." मी दूतावासाच्या संकेतस्थळावरून काढलेला कागद पुढे केला. त्याला त्याने हातही लावला नाही. "प्रिंट तो कोई भी निकाल सकता है, मॅडम." मग निमंत्रणपत्र दाखवलं. ते स्पॅनिशमध्ये. त्याने उलटं-सुलटं करून परत दिलं. (निमंत्रणपत्राची इंग्रजी प्रत यजमानांकडून मागून घ्याच. त्यात पासपोर्ट नंबर, राहण्याचा पत्ता आणि उचलला जाईल असा फोन नंबर हवा.)

"साइड में खड़े रहिए." उभे राहिलो. आमच्या मागची माणसं बॅगा देऊन, पास घेऊन पुढे गेली. सुपरवायझर बाई आल्या, दोघांचे पासपोर्ट उचलले आणि एका दाराआड गेल्या. पासपोर्ट नजरेआड झाला की कसं होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पाळकसाहेब बॅगेवर बसून बहुधा स्तोत्र १२१ मनात म्हणत असावेत. मला म्हणाले, "सिस्टर, जरा धीर धरा." मी आयुष्यभर वॉर्डात लोकांना हेच सांगत आले, त्यामुळे मला ते आणखीच लागलं.

बाई परत आल्या त्या फोनवर बोलतच. व्हिसाच्या पानाचा फोटो कुणालातरी पाठवला होता, उत्तराची वाट बघत होत्या. इकडे काउंटर बंद व्हायची वेळ जवळ येत चाललेली. रिटर्न तिकीट दाखवा. दाखवलं. राहण्याची सोय? दाखवली. पैसे? डॉलर दाखवले. मेक्सिकोचा व्हिसा? पुन्हा तिथेच!

शेवटी मी काउंटरच्या कडेने वाकून स्क्रीन बघितली. विमान कंपन्या टायमॅटिक नावाच्या यंत्रणेत बघून ठरवतात, कुणाला कुठे नेता येईल ते. त्यात त्या मुलाने नागरिकत्व भारत आणि जायचं ठिकाण मेक्सिको, एवढंच भरलं होतं. प्रवाशाकडे आणखी कुठल्या देशाचा व्हिसा आहे, हा रकाना कोरा! मग यंत्र बिचारं व्हिसा लागतो असंच सांगणार. ॲलर्जीचा रकाना कोरा असलेला केसपेपर घेऊन इंजेक्शन द्यायला निघालेल्या शिकाऊ पोरींना मी ज्या आवाजात थांबवायचे, तोच आवाज निघाला. "तो रकाना भर आधी."

भरला. एंटर दाबलं. व्हिसा लागत नाही.

'सॉरी' वगैरे काही नाही. "बैग कितने हैं?" एवढंच. तोवर मधल्या वाटेकडच्या जागा संपल्या होत्या. माझ्या गुडघ्यांना ती रात्र अजून आठवते. तर, वाद घालू नका, कागद नाचवू नका. टायमॅटिकमध्ये अमेरिकेचा व्हिसा टाकून बघा, असं शांतपणे सांगा. मला शांतपणे जमलं नाही, तरी काम झालं.

आम्ही युरोपमार्गे गेलो. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर तिथली इमिग्रेशन वाटेतच करावी लागते, नुसतं विमान बदललं असं होत नाही. मेक्सिको सिटीत शिक्का मारून त्यावर किती दिवस राहता येईल ते हाताने लिहितात. १८० पर्यंत देऊ शकतात, पण देतीलच असं नाही. आकडा तिथेच वाचून घ्या.

प्रशिक्षण चांगलं झालं, त्याचा अहवाल पाळकसाहेबांनी दिलाच आहे. एक सत्र मात्र मनात राहिलं. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूने तिथल्या मूळच्या माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. आज त्या लिपीतल्या फक्त चार पोथ्या उरल्या आहेत. त्याच लांदाच्या नोंदी पुढे ती लिपी वाचायला उपयोगी पडल्या. मिशनच्या माणसांना हे मिशनच्याच माणसाने सांगितलं, तेही युकातानमध्ये, हे मला आवडलं. चिचेन इत्साच्या वाटेत इसामाल गाव लागतं. तिथला प्रचंड मठ माया लोकांच्या जुन्या चौथऱ्यावरच उभा आहे. ते सत्र ऐकलेलं असल्यामुळे तो नुसता सुंदर म्हणून बघता येईना.

चिचेन इत्सा मेरिदाहून साधारण १२० किलोमीटर. सकाळी आठला उघडतं, तेव्हाच पोचा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत, म्हणून गर्दी. आपल्याला तसंही रविवारी उपासना असते. तिकिटं दोन, एक राज्याचं आणि एक केंद्राचं. पहिलं हातात आलं की आमच्यातले निम्मे फाटकाकडे सुटले आणि परत आले. रोख पेसो जवळ ठेवा. कान्कूनहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं.

कुकुलकान या माया नागदेवाच्या पिरॅमिडला चार बाजूंनी प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वर एक, मिळून ३६५. पाळकसाहेबांनी एक बाजू खालूनच मोजून बघितली. वर चढू देत नाहीत, हे माझ्या पथ्यावर पडलं. समोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या चित्कारासारखा प्रतिध्वनी येतो, आणि सगळ्या गटांचे गाइड एकाच वेळी टाळ्या वाजवत असतात. पवित्र सेनोते म्हणजे खोल डोह, तो काठावरूनच बघायचा. पोहायचं असेल तर जवळच इक किल आहे, लाइफ जॅकेट घालून उतरतात. पाळकसाहेब उतरले. मी वर सगळ्यांच्या चपला आणि पाकिटं सांभाळत बसले.