पेरभर उंचीचा भालाईत

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या रविवारच्या खेळासाठी मी एक मोठा बोर्ड गेम घेतला. पत्ते, फासे, नकाशाचे तुकडे आणि ३६ राखाडी सैनिक. पायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराहून जरासे मोठे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे बिनरंगाचे सैनिक पटावर ठेवायला मनच होईना.

पहिला हातात घेतला तो भालाईत. घरात असलेल्या ॲक्रिलिकच्या ट्यूबमधून रंग काढला आणि थेट लावला. रात्री तो बरा दिसला. सकाळी उजेडात पाहिलं तर छातीवरचं साखळीचं चिलखत गायब. जाड रंगाखाली सगळ्या कड्या बुजून गेल्या होत्या. कोपराला नख लागलं आणि रंगाचा पापुद्रा सालीसारखा निघून आला. मला खूप वाईट वाटलं, कारण त्या चिलखतासाठीच मी तो सैनिक आधी निवडला होता.

माझा पहिला समज होता की रंग वाईट आहे. पण निम्मं कारण प्लास्टिकमध्ये होतं, आणि ते कळायला मला दुसऱ्या प्रकारचा सैनिक हातात घ्यावा लागला. एका मित्राने त्याच्याकडचा वॉरहॅमरचा एक सैनिक दिला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा हा खेळ. त्याचे सैनिक कडक पॉलिस्टायरीनचे असतात आणि चौकटीला जोडलेल्या सुट्या भागांत येतात: डोकं वेगळं, हात वेगळे, पाठीवरची पिशवी वेगळी. साच्याचे दोन भाग सरळ उघडतात आणि कडक प्लास्टिक वाकत नाही, त्यामुळे आत अडकेल असा आकार एका तुकड्यात निघूच शकत नाही. म्हणून तो तुकड्यातुकड्यांत पाडतात. माझ्या खोक्यातले सैनिक मऊ पीव्हीसीचे. ते थोडं वाकवून साच्यातून ओढता येतं, म्हणून अख्खा माणूस एकसंध मिळतो. जोडण्याचे कष्ट वाचतात, पण कडा बोथट राहतात, चेहरे गुळगुळीत येतात आणि भाले वाकतात. गोंदसुद्धा वेगळा लागतो. पॉलिस्टायरीनचा गोंद दोन्ही तुकड्यांचा पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतो. पीव्हीसीवर त्याचा उपयोग नाही, तिथे फेविक्विकसारखंच काहीतरी हवं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने शक्य असेल तर कडक प्लास्टिकचा एक तरी सैनिक आधी रंगवावा, असं मला मनापासून वाटतं. त्यावरच्या रेषा इतक्या स्पष्ट असतात की ब्रशला कुठे थांबायचं ते आपोआप कळतं. माझ्याकडे मात्र ३६ मऊ सैनिक होते आणि मला तेच रंगवायचे होते.

जूनमध्ये पेणला घरी गेले. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. तिथल्या काकांना मी भालाईत दाखवला. त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही, डोळे मिटून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं, ही शिवण कुणी काढायची? आधी हात फिरव. खडबड डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते."

साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ उठते. ती मी पाहिलीच नव्हती. काकांनी पॉलिश पेपरचा तुकडा दिला, पण पीव्हीसीवर तो चालला नाही. घासलं की प्लास्टिकची लव उठते. शेवटी धारदार नव्या पात्याने, अगदी हलक्या हाताने रेघ कापूनच काढावी लागली. कडक प्लास्टिकवर मात्र पात्याच्या पाठीने खरवडलं तरी भागतं.

आधीचा रंग काढायला भालाईताला रात्रभर घरातल्या तपकिरी जंतुनाशकात बुडवून ठेवलं. सकाळी नळाखाली धरला, तर सुटलेल्या रंगाचा चिकट राळेसारखा लगदा झाला. पाणी लागायच्या आधीच, हातमोजे घालून, त्याच जंतुनाशकात जुन्या टूथब्रशने घासायला हवं होतं. पाणी आणि साबण त्यानंतर. बाकीच्या ३५ जणांना भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुतलं. साच्यातून सुटावं म्हणून वापरलेला तेलकट थर अंगावर राहिला तर रंग धरत नाही. वाकडे भाले उकळून उतरवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवले, सरळ केले आणि लगेच बर्फाच्या पाण्यात धरले. गार झाले की तसेच राहतात.

पुढची पायरी अस्तराची, म्हणजे प्रायमरची, आणि तोवर पावसाळा लागला होता. गच्चीवर जाऊन एकावर स्प्रे मारून पाहिला. दमट हवेत थेंब नीट बसले नाहीत आणि सैनिकाच्या अंगावर रवाळ भुकटी बसल्यासारखं झालं. मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे कित्येक दिवस चिकटच राहतात, ही आणखी एक अडचण. मग ब्रशने लावायचा प्रायमर आणला. पातळ थर दिला, पूर्ण एक दिवस हात लावला नाही. नख ओढून पाहिलं, सुटला नाही. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

रंगाचं सगळं गुपित पाण्यात आहे. मिनिएचरसाठीच्या, म्हणजे अशा छोट्या सैनिकांसाठीच्या, ॲक्रिलिक रंगात रंगद्रव्य फार बारीक दळलेलं असतं, त्यामुळे पातळ केलं तरी ते झाकतं. मी व्हॅलेहो कंपनीच्या पाच छोट्या बाटल्या घेतल्या: काळा, मळकट पांढरा (ऑफ-व्हाइट), तपकिरी, गडद लाल आणि पोलादी. पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, आणि पेपरवर रंग. दोन तास वाळत नाही. ताकाइतका पातळ होईपर्यंत पाणी घालायचं. पहिला थर फाटका दिसतो आणि तिथेच हात शिवशिवतो. वाळू द्यायचा, मग दुसरा. दोन पातळ थरांखाली चिलखताची एकेक कडी मोजता येत होती.

ब्रशबद्दल एक सांगायलाच हवं. मी आधी सर्वांत बारीक ब्रश घेतला होता. त्यात रंग मावत नाही आणि सैनिकापर्यंत पोहोचेपर्यंत टोकावर वाळतो. टोक चांगलं असलेला १ नंबर जवळजवळ सगळ्याला पुरतो. सैनिक जुन्या औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवला की बोटं रंगाला लागत नाहीत.

चिलखतावर पोलादी रंग, त्यावर तपकिरी वॉश. हा पाण्यासारखा रंग खाचांत उतरतो आणि सावली स्वतःच काढतो. कुठे डबकं साचलं तर ओलसर ब्रशने टिपून घ्यायचं, नाहीतर डाग वाळतो. मग ब्रशला पोलादी रंग लावून टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाकला आणि कड्यांवरून हलकेच फिरवला. उंचवटे चमकले. माझ्या मते बोथट पीव्हीसीला वॉश आणि हा कोरडा ब्रश, दोन्ही हवेतच. साच्याने जे पुसट ठेवलं ते यांनी उठून दिसतं.

डोळ्यांसाठी पुन्हा काकांकडे गेले. त्यांच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी ते स्वतःच करतात, दुसऱ्याकडे देत नाहीत. ते म्हणाले, "दोन्ही मनगटं एकमेकांना टेकव. मूर्ती हलली तर हातही तिच्याबरोबर हलला पाहिजे." आधी खोबणीत गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्या आत मळकट पांढऱ्याचे दोन ठिपके, मग मधोमध एक उभी काळी रेघ. निव्वळ पांढरा वापरला तर डोळे वटारल्यासारखे दिसतात. चौथ्या खेपेला भालाईताने समोर पाहिलं.

शेवटी ब्रशनेच मॅट वार्निश दिलं, कारण हे सैनिक कपाटात राहणार नाहीत, दर रविवारी आठ हात त्यांना उचलणार आहेत.

आजवर ११ झाले. बारावा तिरंदाज आहे. त्याचं धनुष्य आतल्या बाजूला वाकलंय, आणि गॅसवर पाणी ठेवलंय.