देवराई आणि दशावतार: ट्रस्ट नोंदवताना

कुडाळकडच्या आमच्या गावात देवराई आणि दशावतार वेगळे काढता येत नाहीत. राईतलं झाड तोडायचं तर देवाला कौल लावतात, आणि त्याच देवाच्या जत्रेला रात्रभर नाटक रंगतं. दोन्हींसाठी मिळून एकच ट्रस्ट काढायचं ठरलं तेव्हा गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. वाटलं ते सीएंना.

आयकर कायद्यात पर्यावरण, वनं आणि वन्यजीव यांचं रक्षण हा धर्मादाय हेतू म्हणून वेगळा नोंदलेला आहे. कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तूंचं जतनही आहे. म्हणजे जुना मुखवटा जपला तर ठीक. तो चढवून नाचणारा माणूस मात्र ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या खान्यात. त्या खान्यात व्यापारी स्वरूपाची जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की करसवलत गोत्यात. तेव्हा उद्देशाच्या कलमात दोन्ही कामं वेगवेगळी लिहिली, हिशोबही वेगळा ठेवायचा ठरवला.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा अर्ज त्यामानाने सोपा. घोडं अडलं ते पत्त्यावर. कार्यालय आमच्या घरात दाखवायचं, तर घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर. ना-हरकत हवी म्हणजे लालबाग, डोंबिवली, विरार इथल्या सगळ्या चुलत भावंडांच्या सह्या! एकाला वाटलं, मी घरच लिहून घेतोय. शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी आपली पडवी दिली. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर, हे कोकणात दुर्मीळच.

विश्वस्तांमध्ये एका दशावतारी कंपनीचे मालक आहेत. संमतीपत्रं, ओळखपत्रं, फोटो असा गठ्ठा बघून ते म्हणाले, "आमच्या नाटकाक कागद नाय, मगे ह्या ट्रस्टाक इतके कित्याक?" खरंच, त्यांच्याकडे संहिता नसतेच. कथानक ठरतं आणि बोलणी रंगमंचावर उभ्याउभ्या सुचतात.

नोंदणी झाली, पॅन आलं, मग १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) यांची तात्पुरती, तीन वर्षांची मान्यता. ८०जी म्हटलं की लोक खूश होतात, पण दोन हजारांवरची रोख देणगी त्यात चालत नाही आणि वस्तुरूप देणगीवर सवलत नाही. आमच्याकडे पहिली देणगी आली ती तांदळाची गोण. सीए हसले. ती पुढच्या प्रयोगाला आलेल्या कलाकारांच्या जेवणात गेली. रोपवाटिकेच्या कुंपणासाठी मात्र मुंबईकर मंडळींकडून पैसे बँकेतूनच मागवतोय.