काड्या फुल्ल, स्पीड गुल

"अहो, वाय-फायच्या काड्या तर फुल्ल दाखवतंय, मग अडकतंय का?"

दोन अ‍ॅक्सेस पॉइंटमधला (वाय-फाय देणाऱ्या डब्यांमधला) ब्रिज, म्हणजे बिनतारी जोड, नुकताच जुळला होता. दोन्हीकडे चॅनल एकच, एकमेकांचे मॅक अ‍ॅड्रेस (डब्यांचे ओळख क्रमांक) भरलेले, पलीकडच्याचं डीएचसीपी (फोनना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) बंद. सगळं रीतसर. तरी व्हिडिओ कॉल मध्येच गोठायचा.

काड्या दाखवतात ते फोन आणि जवळच्या डब्यातलं नातं. तो डबा पुढे इंटरनेट जोडलेल्या पहिल्या डब्याशी कसा बोलतोय, हे त्यात दिसतच नाही. त्यातून डब्यात रेडिओ (लहरी पकडणारा-पाठवणारा भाग) एकच असला की तोच फोनचं ऐकणार आणि तोच पुढे पाठवणार; वेग जवळपास निम्म्यावर येतो. ब्रिजला ५ गिगाहर्ट्झचा वेगळा रेडिओ दिला, तेव्हा कुठे कॉल सुरळीत झाला. (मधे जाड भिंत असती तर तेही जमलं नसतं म्हणा.)

पण हा मधला दुवा फोनच्या त्या काड्यांत का दिसू नये?