ग्रँड पॅलेसला जाताय? ओवऱ्यांसाठी दोन तास राखून ठेवा

बँकॉकचा ग्रँड पॅलेस सकाळी ८.३० ला उघडतो. विसेत चाई सी दरवाजापाशी सव्वाआठलाच उभे राहा. साडेनऊनंतर टूरवाल्यांच्या बस रिकाम्या होऊ लागतात आणि मग फोटोसाठी हात वर करायलाही जागा उरत नाही. तिकीट ५०० बाट, दुपारी ३.३० नंतर मिळत नाही. ट्रॅफिकच्या भानगडीत पडू नका. मेट्रोने सनाम चाई स्टेशन गाठा किंवा साथोर्न धक्क्याहून नारिंगी झेंड्याच्या बोटीने ता चांग धक्क्यावर उतरा.

अडवतात ते कपड्यांवरून. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फाटकी जीन्स, तंग लेगिंग, बिनबाह्यांचं ब्लाउज चालत नाही, आणि वरून ओढणी किंवा पदर घेतला तरी भागत नाही. पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. रस्त्यात कोणी गोड बोलून सांगेल, "आज पॅलेस बंद आहे, चला, दुसरी देवळं दाखवतो." थेट दरवाजाकडे चालत राहा. त्याची टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेऊन सोडते.

आत गेल्यावर आधी पाचूच्या बुद्धाचं दर्शन उरकून घ्या. नाव पाचूचं असलं तरी मूर्ती जेड किंवा जास्पर या हिरव्या दगडाची आहे, उंची जेमतेम ६६ सेंटीमीटर. वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, राजा स्वतः तिचा पोशाख बदलतो. चपला बाहेर काढायच्या, आत फोटो नाही. बसताना पाय मागे दुमडून घ्या. मूर्तीकडे तळवे करणं तिथे मोठा अपमान समजतात.

मग सरळ राजवाड्याकडे वळू नका. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. मराठी माणसाने इथे रेंगाळायलाच हवं. उत्तर बाजूने सुरुवात करा आणि प्रदक्षिणेच्या दिशेने चाला, नाहीतर कथा उलटी होते. पहिल्याच चित्रात जनकाला सीता सापडते. पण इथली सीता थोत्सकनची, म्हणजे दशकंठ रावणाचीच, मुलगी. राक्षसकुळाचा नाश करील म्हणून बापाने पाण्यात सोडून दिलेली. मारुती पांढराशुभ्र आहे, ब्रह्मचारी मात्र नाही.

आपल्याकडच्या अहिरावण-महिरावणाच्या गोष्टीतला महिरावण इथे मैयराप आहे. तो नळीतून झोपेची पूड फुंकून वानरसेनेला निजवतो आणि रामाला पाताळात पळवून नेतो. त्याआधीचं चित्र जवळून पाहा. रामाच्या रक्षणासाठी मारुती एवढा मोठा झालाय की रामाचा सगळा मंडप त्याच्या उघड्या जबड्यात मावलाय. सोन्याचा वर्ख चमकतो तो देव आणि राजे यांच्या अंगावर. भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे सुटलेले दिसले तर ते ओलीमुळे. याच ओलीपायी ही चित्रं पुन्हापुन्हा दुरुस्त करावी लागली आहेत, म्हणून हात लावू नका. वर छप्पर असल्याने अकराच्या उन्हातही इथे उभं राहवतं.

राजवाडा बाहेरूनच बघायचा असतो, अर्धा तास पुरे. चाक्री महाप्रासादाच्या युरोपीय भिंती आणि त्यावरचं थाई छप्पर तेवढं नीट पाहा.

तिथून वात फो ('वात' म्हणजे देऊळ) चालत दहा-पंधरा मिनिटं, तिकीट ३०० बाट, पाण्याची बाटली त्यातच. ४६ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धाच्या चेहऱ्यापाशी सगळी गर्दी थबकते. तुम्ही पायांपाशी थांबा. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत.

चारच्या सुमारास ता तिएन धक्क्यावरून ५ बाटच्या तरीने पलीकडे वात अरुणला जा (२०० बाट). चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या मनोऱ्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना कठडा धरून, तोंड पायऱ्यांकडे करून उतरा. मावळतीपूर्वी अलीकडच्या काठावर परत या, कारण सूर्य त्या मनोऱ्यामागेच बुडतो.