गोणपाट उलगडलं तेव्हा

मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षणात, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या विषयात, एम.एस्सी. करतेय. गेल्या आठवड्यात खेड तालुक्यातल्या एका शाळेत बियाण्याची उगवण तपासायला सातवीच्या मुलांकडून सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींनी मांडून घेतले होते. आज ते उलगडलं.

मुलांनी मोठ्याने मोजले. 73 उगवले! किमान 70 हवेत, म्हणजे बियाणं पेरणीला चालेल. कमी निघाले असते तर एकरी बियाणं वाढवावं लागलं असतं, हे सांगायच्या आधीच एकाने ओळखलं.

मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आमचे आजोबा सोयाबीनचं पोतं आपटू देत नाहीत. म्हणतात, दाणा मुका मार खातो."

माझ्या पाठाच्या टाचणात हे नव्हतंच. सोयाबीनचं साल फार पातळ असतं, आदळआपट झाली की आतला अंकुर दुखावतो. आजोबांचं शंभर टक्के खरं. मी खडू तिच्याच हातात दिला आणि तिने फळ्यावर ते लिहिलं.

परतताना बसमध्ये महात्मा जोतीराव फुल्यांची आठवण झाली. 1882 साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मागितलं होतं की शाळेत शेतीचे धडे असावेत आणि शिक्षक शेतकरी वर्गातले, नांगराची मूठ धरायला न लाजणारे असावेत. आमच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. रोज ओळखपत्रावर वाचते ते, आज पहिल्यांदा अंगावर आलं.

पुढच्या गुरुवारी बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं. आजोबांनाही बोलावलंय.